वाचकांचे प्रश्न : घाटमाथ्यावरचे दुर्मीळ बेडूक

पावसाळ्याच्या तोंडावर सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी बेडकांविषयी पत्रं पाठवली. बहुतेकांचा रोख एकच होता: अमुक जात धोक्यात आहे हे ठरतं कसं, आणि आपल्या हातून काय होऊ शकतं? सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

चोर्ला घाटाच्या माथ्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) अगदी छोटा, कुशीवर पिवळं असलेला बेडूक दिसला. आंबोलीचा दुर्मीळ बेडूक तो हाच का? वरून काढलेला एकच फोटो आहे. — वाचक, सत्तरी

वरून काढलेल्या एका फोटोवरून हो म्हणता येणार नाही. आंबोलीचा तो प्राणी शास्त्रीयदृष्ट्या भेक आहे, म्हणजे खरखरीत कातडीचा आणि उडीपेक्षा चालण्यावर भर देणारा. त्याचं नाव झँथोफ्रायनी टायगेरिना. ही जात २००९ मध्ये आंबोलीहून वर्णिली गेली आणि त्याच वेळी झँथोफ्रायनी हा नवा वंशही मांडला गेला. या वंशात दुसरी एकच जात आहे, ती कोयनेची. तिचं वर्णन १९६३ मध्येच झालं होतं, पण ती तेव्हा साध्या भेकांच्या वंशात गणली गेली होती. आंबोलीच्या भेकाच्या कुशीवर पिवळे आडवे पट्टे असतात, वाघासारखे, म्हणून टायगेरिना. कोयनेच्या भेकावर पट्ट्यांऐवजी पिवळे डाग दिसतात.

पिवळा रंग हा एकटाच पुरावा धरू नका. विणीच्या दिवसांत मोठ्या बेबोचे (बुलफ्रॉगचे) नर हळदीसारखे पिवळे होतात, आणि साध्या भेकांचे नरही पिवळसर दिसू लागतात. पायाची बोटं पाहा. झँथोफ्रायनीच्या बोटांमध्ये पडदा नसतो. घराच्या अंगणात येणाऱ्या साध्या भेकाच्या मागच्या बोटांमध्ये तो असतो, शिवाय डोक्यावर डोळ्यांभोवती काळ्या कडांचे उंचवटे स्पष्ट दिसतात. साध्या भेकाचं पिल्लूही अंगठ्याएवढंच असतं, आणि चूक नेमकी तिथे होते. पुढच्या वेळी कूस, डोकं आणि मागचं पाऊल असे तीन फोटो घ्या. ते मिळाले तर चोर्ल्याची नोंद खरंच महत्त्वाची ठरू शकते. ती का, ते पुढच्या उत्तरात येईल.

आंबोलीची उंची जेमतेम सातशे मीटर. तिथल्या बेडकाला 'डोंगरमाथ्यावरचा' म्हणायचं का? आणि 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का कोण मारतं? त्यासाठी बेडूक मोजतात का? — विद्यार्थी, फोंडा

उंचीचं आधी. केरळमधल्या आनमुडीच्या माथ्याशी (२,६९५ मीटर) तुलना केली तर आंबोली आणि चोर्ला ठेंगणेच. आनमुडीच्या गवताळ माथ्यावर, दोन हजार मीटरच्या वर, रावरचेस्टेस रेस्प्लेन्डेन्स हा केशरी-लाल झुडपी बेडूक राहतो. तो २०१० मध्ये वर्णिला गेला. तो बांबूच्या बुंध्याशी अंडी घालतो, त्याला बेडूकमाशाची (पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाची) अवस्थाच नसते आणि अंड्यातून थेट पिल्लू निघतं. पण आंबोली-चोर्ल्याच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी सातशे-आठशे मीटरवरच माथा संपतो. खाली कोकण, पलीकडे उतरतं पठार. हवा तापली, पावसाची वेळ सरकली, तरी इथल्या प्राण्याला आणखी वर जायला जागा नाही. अडचण तीच आहे, मग आकडा सातशे असो की अडीच हजार.

आता शिक्का. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी तो देते, आणि त्यासाठी सहसा डोकी मोजली जात नाहीत. भेक वर्षातले बहुतेक महिने दगडांखाली असतो, मोजणार कसा? म्हणून क्षेत्रफळाचा निकष लावतात. दोन क्षेत्रफळं असतात. पहिलं आढळाचा विस्तार: सगळ्या खात्रीच्या नोंदींभोवती दोरी ताणली तर आत येणारा प्रदेश. तो १०० चौरस किलोमीटरहून कमी असेल तर अतिसंकटग्रस्त, ५,००० हून कमी असेल तर संकटग्रस्त, २०,००० हून कमी असेल तर असुरक्षित. दुसरं प्रत्यक्ष वास्तव्याचं क्षेत्र: नकाशावर २ × २ किलोमीटरच्या चौकटी आखायच्या, ज्या चौकटीत नोंद आहे ती मोजायची, प्रत्येक चौकट ४ चौरस किलोमीटरची. इथल्या मर्यादा अनुक्रमे १०, ५०० आणि २,०००.

नुसतं क्षेत्रफळ लहान असून भागत नाही. तीनपैकी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. जात फार थोड्या ठिकाणी उरलेली किंवा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली हवी, हे एक. तिचं क्षेत्र, संख्या किंवा अधिवासाचा दर्जा सतत घसरत असायला हवा, हे दुसरं. संख्येत टोकाचे चढउतार हवेत, हे तिसरं. ठिकाणांची मर्यादा अतिसंकटग्रस्तासाठी एक, संकटग्रस्तासाठी पाच, असुरक्षितासाठी दहा. इथे 'ठिकाण' म्हणजे गाव नव्हे. एकाच संकटाने एका झटक्यात बाधित होईल तेवढा भाग हे एक ठिकाण. एकच रस्ता तीन वाड्यांमधून जात असेल आणि तोच मुख्य धोका असेल, तर तीन वाड्या मिळून एक ठिकाण धरलं जाऊ शकतं. हा मुद्दा जाणकारांनाही चकवतो.

आंबोलीच्या भेकाला अतिसंकटग्रस्त ठरवलं गेलं ते याच मार्गाने: अत्यंत लहान क्षेत्र, एकच ठिकाण, आणि अधिवासाची चालू असलेली घसरण. दहा चौरस किलोमीटरहून कमी म्हणजे जास्तीत जास्त दोन चौकटी. आता समजा तिसऱ्या चौकटीत खात्रीची नोंद झाली. क्षेत्र १२ वर गेलं, मर्यादा ओलांडली. मग पुढच्या मूल्यांकनात विस्तार, ठिकाणं, घसरण हे सगळं पुन्हा तपासावं लागतं आणि वर्ग बदलूही शकतो. एका नोंदीचं वजन एवढं असतं. वर्ग खाली आला तर संरक्षण जाईल, या भीतीने नोंद दडवणारे आढळतात. ते चूक आहे. नवी जागा माहीतच नसेल तर तिथे चिरेखाण सुरू होताना हरकत कोण आणि कशाच्या जोरावर घेणार?

गोव्यातून अलीकडे वर्णिलेल्या जातींची पंचाईत वेगळी आहे. नेत्रावळीचा इंदिराना सालेलकरी २०१५ चा आणि मिनर्वारिया गोएम्ची २०१८ चा. चोर्ला परिसरातून २००७ मध्ये दोन देवगांडुळं (गांडुळासारखे दिसणारे बिनपायाचे उभयचर) वर्णिली गेली, गेगेनिओफिस गोएन्सिस आणि गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस. नव्या जातींचं मूल्यांकन एक तर रखडतं, नाहीतर 'माहिती अपुरी' या रकान्यात जातं. 'माहिती अपुरी' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे, आणि हे पंचायतीच्या बैठकीत आवर्जून सांगायला हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनात ८,०११ उभयचर जाती तपासल्या गेल्या. त्यातल्या ४०.७ टक्के धोक्यात आहेत. पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये इतकी वाईट स्थिती दुसऱ्या कोणत्याच वर्गाची नाही.

जूनमध्ये आम्ही सावंतवाडीमार्गे रात्री आंबोलीला जातो. रस्त्यावर भेक मरतात असं ऐकलं. नेमकं का? जायचंच नाही का? — कुटुंब, मडगाव

जा, पण रात्री घाटमाथ्यावरून गाडी चालवणं टाळता आलं तर टाळा. या भेकाची वीण मे अखेरच्या किंवा जूनच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर सुरू होते आणि थोड्याच रात्रींत उरकते. अंडी कातळावरच्या उथळ, तात्पुरत्या डबक्यांत घातली जातात. खोल तळ्यात मासे आणि मोठे बेडूकमासे खायला टपलेले असतात, उथळ डबक्यात ते नसतात. त्याची किंमत अशी की पावसाने चार-पाच दिवस ओढ दिली तर डबकं आटतं आणि सगळी वीण वाया जाते. म्हणजे वर्षभराचा हिशेब थोड्या रात्रींवर आणि थोड्या लिटर पाण्यावर उभा. पहिल्या पावसाची धुकाळ सहल हवी म्हणून गाड्यांची रांगही त्याच रात्रींना लागते. डबकी रस्त्याच्या कडेला असली की भेक डांबरावर येणारच. तो पळत नाही, उजेड पडला की जागच्या जागी थबकतो.

संध्याकाळी सातच्या आत पोहोचा. पाऊस पडत असताना उशीर झालाच तर माथ्यावर वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास ठेवा. त्याहून जास्त वेगात एवढासा प्राणी दिसून ब्रेक लागणं शक्य नाही. गाडी कडेच्या कातळावर चढवू नका. पाणी साचलेला तो चाकाखालचा खळगाच पाळणा असतो.

भेक उचलून पलीकडे ठेवायचा असेल तर दोघं हवेत, एक रहदारीकडे लक्ष ठेवायला, अंगावर चकाकणारं जाकीट. हात डबक्याच्या पाण्याने ओले करा. हातावर सॅनिटायझर, डास पळवणारं मलम किंवा तंबाखू असेल तर हात लावूच नका. त्याची कातडी श्वासही घेते आणि हे सगळं शोषूनही घेते. तोंड ज्या बाजूला असेल त्याच बाजूला ठेवा, मागे ठेवलात तर तो पुन्हा रस्त्यावर येतो.

मेलेल्यांची मोजणी करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. सकाळी फिरून मोजू नका. एवढं लहान शरीर कावळे, मुंग्या, पाऊस आणि पुढची चाकं मिळून काही तासांत नाहीसं करतात. सकाळी पाच दिसले म्हणजे रात्री पाचच मेले असं नाही. ५०० मीटरचा ठरावीक पट्टा घ्या, रात्री आठ ते दहा दरम्यान अर्ध्या तासात पायी पार करा, जिवंत आणि मेलेले वेगळे लिहा, आणि त्या अर्ध्या तासात किती गाड्या गेल्या तेही लिहा. गाड्यांचा आकडा नसलेली मोजणी रस्ता बंद ठेवण्याची किंवा गतिरोधकाची मागणी करताना निरुपयोगी ठरते. रस्त्याखालून नळ टाकण्याची सूचना नेहमी येते. कोरड्या सिमेंटच्या अंधाऱ्या नळात भेक शिरत नाही. आत माती, ओल आणि वरून उजेड हवा, आणि दोन्ही बाजूंनी प्राण्याला नळाकडे वळवणारी गुळगुळीत बुटकी भिंत हवी. नुसता नळ टाकून पैसे वाया घालवू नयेत.

आम्ही पाच-सहा जण म्हादई अभयारण्याच्या कडेच्या गावांत बेडकांच्या नोंदी करणार आहोत. नोंद उपयोगी पडावी म्हणून काय लिहावं? — युवक गट, वाळपई

अभयारण्याच्या हद्दीत रात्री जायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा. गावच्या सड्यावरही खूप करण्यासारखं आहे.

स्थान दशांश अंशांत, पाच अंकांपर्यंत लिहा. मोबाइलचा कॅमेरा दरीत सिग्नल नसताना शेवटचं माहीत असलेलं स्थान चिकटवतो, म्हणून बेडूक सुर्लाचा आणि नोंद साखळीची असं घडतं. नकाशाचं अ‍ॅप उघडा, अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, मगच आकडा टिपा. उंची मोबाइलवरून घेऊ नका, ती पन्नास मीटरनेही चुकते. नंतर नकाशावरून घ्या. मापासाठी फोटोत नाणं ठेवण्याची सवय सोडा. एक रुपयाचं नाणं वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या व्यासाचं आहे. सहा इंची पट्टी शेजारी ठेवा, अंगावर नको.

आवाज हा फोटोइतकाच मोलाचा. झुडपी बेडकांच्या कितीतरी जाती रंगाने एकमेकींसारख्या दिसतात आणि आवाजाने ओळखू येतात. दोन-तीन मीटरवर बसा, टॉर्च बंद करा, एक-दोन मिनिटं गप्प राहा, मग तो पुन्हा बोलू लागेल. ध्वनिमुद्रण कमीत कमी एक मिनिटाचं आणि शक्यतो डब्ल्यूएव्ही स्वरूपात करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि आवाजाचे बारकावे जातात. सुरुवातीला तारीख, वेळ, जागा आपल्या आवाजात बोला. तापमानही सांगा, कारण थंडाव्यात बेडकाच्या आवाजाची लय मंदावते आणि दोन नोंदींची तुलना त्याशिवाय करता येत नाही.

आणि शून्यही लिहा. 'अमुक सड्यावर ७ जूनला दीड तास शोधलं, पाऊस होता, झँथोफ्रायनी नाही' ही पक्की नोंद आहे. फक्त सापडलेलंच लिहिलं तर न सापडलेली जागा आणि न शोधलेली जागा यांत फरक उरत नाही. गोव्यातल्या सड्यांबाबत आज हाच घोळ आहे. पावसाळी अभ्यास बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, सोयीने होतात. पहिल्या सरीच्या आठवड्यात सड्यावर माणूस नसतो, आणि हा भेक दिसतो तेव्हाच.

नोंदी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर चढवा. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींचं नेमकं स्थान आपोआप झाकतं. पण समाजमाध्यमांवर तुम्हीच घाटाचं नाव आणि वळण लिहिलंत तर त्या झाकण्याला अर्थ उरत नाही.

शाळेत बेडूकमासे काचेच्या टाकीत वाढवून घाटावर सोडावेत का? — शिक्षिका, पेडणे

नाही. जिथून आणले तिथलं पाणी, तिथले जंतू, तिथला रोग सगळं बरोबर जातं. शाळेच्या आवारातलं डबकं मुलांना रोज दाखवा आणि आठवड्याला एक चित्र काढून घ्या, तेवढ्याने विषय पूर्ण कळतो. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी घातलेल्या टाकीत पिल्लं मरूही शकतात.

बेडकांना मारणारी एक बुरशी आहे म्हणे. आपल्याकडे आहे का? ट्रेकला जाणाऱ्यांनी काय करावं? — गिर्यारोहक, साखळी

आहे. काइट्रिड बुरशी, बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. सह्याद्रीतली तिची नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तिने जातीच्या जाती संपवल्या, तशी सामूहिक मरतूक सह्याद्रीत नोंदली गेलेली नाही. पण ती १७ ते २५ अंश सेल्सियसला सर्वांत जोमाने वाढते, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर पारा नेमका त्याच टप्प्यात असतो. किनारपट्टीच्या उन्हाळ्यात ती टिकाव धरत नाही, म्हणून पणजीच्या अनुभवावरून चोर्ल्याचा अंदाज बांधू नका.

एका घाटातून दुसऱ्या घाटात जाताना बूट, काठीचं टोक आणि जाळी धुवायची. आधी ब्रशने चिखल पूर्ण काढा, चिखल राहिला तर ब्लीच त्यातच खर्ची पडतं. बाटलीवर ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर २५० मिलीलीटर ब्लीच आणि ७५० मिलीलीटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. त्यात पंधरा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्याने धुवा. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं. संडास साफ करायच्या आम्लात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. हे सगळं घरी करा. ओढ्यावर किंवा सड्यावर ब्लीच ओतणं म्हणजे बुरशीआधी आपणच बेडूक मारणं. बूट खडखडीत वाळले तरी बुरशी मरते, पण जुलैत बूट वाळतात कुठे?

आमच्या गावचा सडा 'पडीक' म्हणून काजू लागवडीला द्यायचं चाललं आहे. बेडकांचा मुद्दा मांडता येईल का? — ग्रामस्थ, सांगे

येईल, आणि कागदावर मांडा. उन्हाळ्यात काळा, बोडका दिसणारा जांभ्याचा सडा पडीक नसतो. मातीचा थर काही ठिकाणी दोन-चार सेंटीमीटरचाच असतो, म्हणून झाडं नसतात, आणि म्हणूनच पाणी डबक्यांत साचतं. लागवडीसाठी खड्डे सुरुंगाने किंवा यंत्राने काढले की भेगांमधून पाणी झिरपतं आणि डबकी धरत नाहीत. सुटे दगड वेचून गडगा घातला तर भेकांचा आणि देवगांडुळांचा उन्हाळ्यातला आसरा जातो. यंत्र आलं नसलं तरी नुसत्या दगडवेचणीनेही सडा रिकामा होतो. तुम्ही स्वतः दगड उचलून पाहिलात तर तोच दगड, तीच बाजू खाली, त्याच जागी ठेवा.

जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. सड्याचा सर्व्हे क्रमांक, डबक्यांची संख्या, पावसाळ्यातले तारीखवार फोटो आणि वर सांगितलेल्या पद्धतीच्या नोंदी तिथे दाखल करा आणि पोचपावती घ्या. शेजारच्या आंबोलीतच २०२१ मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा एका नव्या माशासाठी जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र इवलंसं आहे, पण बारीक प्राण्याच्या नावाने जागा राखता येते याचा तो नमुना आहे. अर्ज मार्चमध्ये करणार असाल तर फोटो आदल्या पावसाळ्यातच काढून ठेवायला हवेत. उन्हाळ्यातल्या सड्याचा फोटो समोरच्या बाजूचंच म्हणणं सिद्ध करतो.

पहिल्या पावसात मोठे बेबो धरणं गुन्हा आहे का? ते तर दुर्मीळ नाहीत. — वाचक, काणकोण

गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली. 'जंपिंग चिकन' म्हणून विकणारा, शिजवणारा आणि खाणारा सगळेच त्यात येतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर देशाने १९८७ मध्येच बंद केली. बेबो दुर्मीळ नाही हे खरं, पण तो पहिल्या सरीत विणीसाठी ओरडतो आणि त्या ओरडण्यावरूनच धरला जातो. अंडी घालायच्या आत धरलेली मादी म्हणजे त्या वर्षाची हजारो अंडी गेली. शिवाय विजेरी आणि पोतं घेऊन हिंडणारा माणूस फक्त बेबोच तुडवत नाही. त्याच्या पायांखाली त्याच रात्री उथळ डबक्यांतली दुसऱ्या जातींची अंडीही असतात. अशी टोळी दिसली तर स्वतः अडवायला जाऊ नका. गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून घ्या आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच कळवा. पोती रातोरात बाजारात पोहोचतात, सकाळी कळवून उपयोग नसतो.